तापमानवाढ: कारण कोणतं आणि दोष कुणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवूया

वाफसा (धागाकर्ता)

गणपतीला गावी सगळे जमलो होतो. रत्नागिरीपासून तासाभरावर आमचं घर. दुपारची जेवणं उरकून पडवीत बसलो आणि बोलणं पावसावर आलं. धाकटा भाऊ गावीच असतो, कलमांची बाग तोच बघतो. तो म्हणाला, "हल्ली पाऊस दिवाळी आली तरी हलत नाही. जमीन ओली राहते, कलमांना पाण्याचा ताण बसत नाही, मोहोराच्या जागी पालवी फुटते. मग थंडी पडते ती एकदम, पुन्हा मोहोर येतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून जातात." त्यावर मुंबईचा आतेभाऊ म्हणाला, "हवामान काय आज बदलतंय? ज्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली, तेच आता आपल्याला चुली विझवायला सांगतायत. आपण पुढे जाऊ नये म्हणून काढलेलं आहे हे सगळं." शब्दाने शब्द वाढला. संध्याकाळच्या आरतीला दोघं दोन कोपऱ्यांत उभे होते.

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. दोघांचं ऐकताना लक्षात आलं की दोघं एकाच प्रश्नावर भांडतच नाहीयेत. तापमान कशामुळे वाढतंय, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न. त्याची किंमत कुणी मोजायची, हा न्यायाचा. दुसऱ्या प्रश्नावर आतेभावाचा राग मला रास्त वाटतो. पण त्या रागापोटी तो पहिल्याचं उत्तरच नाकारतो, आणि तिथे मला थांबून बोलावंसं वाटतं.

हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या वर गेली. कारखानदारी सुरू होण्याआधी हा आकडा २८० च्या आसपास होता. तो वाढलाय याबद्दल माझा आतेभाऊही वाद घालत नाही. तो विचारतो, हा वायू माणसाचाच कशावरून? ज्वालामुखी आहेत, समुद्र आहे.

याचं उत्तर वर्गात सांगताना मला दर वर्षी नव्याने आनंद व्हायचा, कारण कार्बन स्वतःच आपला पत्ता सांगतो. निसर्गात कार्बनचे अणू तीन वजनांचे मिळतात, त्यांना समस्थानिक म्हणतात: १२, १३ आणि १४. चौदाचा अणू किरणोत्सारी आहे, ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. कोळसा आणि खनिज तेल जमिनीत कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यामुळे त्यात चौदाचा अणू शिल्लकच नसतो. असा कोळसा जाळला की हवेतलं चौदाचं प्रमाण पातळ होणार. हान्स झ्यूस यांना १९५५ साली झाडांच्या वाढीच्या कड्यांमध्ये नेमकं हेच सापडलं. (पुढे अणुचाचण्यांनी चौदाचं गणित काही काळ बिघडवलं, पण ही नोंद त्याआधीच्या लाकडातली आहे.)

दुसरी खूण तेराच्या अणूची. झाडं अन्न तयार करताना हलका कार्बन जास्त उचलतात, म्हणून झाडाझुडपांपासून आणि शेवाळापासून बनलेल्या इंधनात तेरा कमी असतो. हवेतलं तेराचं प्रमाणही घटत चाललंय. ज्वालामुखीच्या वायूने ही घट झाली नसती. आणि तिसरी खूण तर शाळकरी मुलालाही पटते. जाळायला प्राणवायू लागतो. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग १९९० च्या आसपासपासून हवेतला प्राणवायू मोजत आहेत आणि तो किंचित, पण सतत कमी होतोय. श्वासाला त्याने काही फरक पडत नाही, घट फारच थोडी आहे. पण समुद्रातून नुसता वायू बाहेर पडत असता तर प्राणवायू खर्ची पडला नसता. उलट समुद्रच आपण सोडलेल्या वायूचा जवळपास चौथा हिस्सा गिळतोय आणि त्याने त्याचं पाणी आम्लतेकडे झुकतंय.

हा वायू उष्णता धरतो, हे आजकालचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक तारीख. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळ्या हवा भरून उन्हात ठेवल्या, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते व उशिरा निवते, हे मांडलं ते १८५६ साली. लोकमान्य टिळकांचा जन्म त्याच वर्षीचा. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी उष्णतेचे किरण हा वायू शोषतो हे प्रयोगशाळेत मोजलं, आणि १८९६ साली स्वान्ते अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित हाताने सोडवलं. तेव्हा हवामान परिषदा नव्हत्या, कार्बन कर नव्हता आणि आपली प्रगती अडवायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

तुमच्या शंका, अनुभव जरूर लिहा. आतेभाऊ हा धागा वाचणार आहे.

---

लाल_माती

कणीगळीचं अगदी खरं. आमच्याकडे देवगडच्या बाजूला तुडतुडे आणि फुलकिड्यांच्या फवारण्याही वाढल्यात. पूर्वी दोन-तीनमध्ये भागायचं. पण एक विचारतो, याचा संबंध थेट तापमानवाढीशी जोडता येतो का? जाणकारांनी सांगावं.

---

चिकित्सक

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून उत्तरही मनापासून. मी अभियंता आहे. मला कुणी कोळसा कंपनीने पाठवलेलं नाही आणि षड्यंत्र वगैरेही मी मानत नाही. पण काही गोष्टी पटत नाहीत.

पृथ्वीवर हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा मोटारी नव्हत्या. अंटार्क्टिकाच्या बर्फातच असं दिसतं की हिमयुग संपताना तिथे आधी तापमान वाढायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून येतो. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? दुसरं म्हणजे आपली बरीच तापमापकं शहरांत आहेत. पुण्यात शिवाजीनगरला पूर्वी झाडी होती, आता सिमेंट आहे. तिथलं तापमान वाढलं यात नवल ते काय? तिसरं, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असं छापलं होतं. भूगर्भशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ साली त्याच्याशी न जुळणारी निरीक्षणं मांडली तेव्हा त्यांचीच टर उडवली गेली. दोन महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. ज्या संस्थेला शास्त्राचा शेवटचा शब्द म्हणायचं तिथे असं होत असेल, तर सामान्य माणसाने शंका का घेऊ नये?

---

वाफसा

चिकित्सक, शंका जरूर घ्या. हिमनद्यांबद्दल तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ती चूक गंभीर होती, मूळ संशोधनातून न घेता दुय्यम अहवालातून उचललेली होती, आणि रैनांना मिळालेली वागणूक योग्य नव्हती. पण ती चूक हिमनद्या कधी संपतील याबद्दलची होती. त्या घटतायत हे मोजमापांनी टिकून आहे. हिंदुकुश-हिमालयाचा २०१९ मध्ये आलेला मोठा अभ्यास म्हणतो, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर एक तृतीयांश बर्फ जाईल. २०३५ नाही, २१००. गंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला हाही आकडा पुरेसा जड आहे.

आता हिमयुगं. तुम्ही सांगितलेला क्रम बरोबर आहे. पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलण्यात हजारो वर्षांच्या चक्राने बदल होतात, त्याने ऊन थोडं इकडेतिकडे होतं आणि समुद्र तापू लागतो. तापलेला समुद्र वायू सोडतो, आणि तो वायू मग उष्णता आणखी वाढवतो. नुसत्या कक्षेच्या बदलाने एवढं मोठं हिमयुग वितळत नाही, वायूची साथ धरावीच लागते. म्हणजे हा वायू तेव्हा मागून आला आणि त्याने आगीत तेल ओतलं. आज आपण तेल आधीच ओतलंय. शिवाय तेव्हा १८० वरून २८० पर्यंत जायला हजारो वर्षं लागली. आपण १९५८ पासून माझ्या एका आयुष्यात शंभराहून अधिक चढवलेत.

सूर्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पडवीत हा प्रश्न आला होता. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत. अकरा वर्षांचा चढउतार दिसतो, चढता कल दिसत नाही. आणि सूर्यच तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा निवतोय. घोंगडी पांघरली की आतली ऊब आतच राहते आणि बाहेरच्या अंगाला गार लागतं, तसं. स्युकुरो मानाबे यांनी हा निवणारा वरचा थर १९६७ मध्येच गणिताने दाखवला होता. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

शहरातल्या तापमापकांचा मुद्दा दुसऱ्या कुणी घ्यावा. माझी चहाची वेळ झाली.

---

सरळरेषा

मी घेते. पुण्यात हवामानाच्या आकडेवारीवरच काम करते.

शहरं तापतात हे खरंच आहे आणि तो फरक गणितातून वजा केला जातो. तो नीट वजा होतो का, ही शंका बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनाही होती. त्यांनी स्वतःचा गट उभारला, जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०११-१२ मध्ये जाहीर केलं की वाढ खरी आहे आणि माणसामुळेच आहे. त्यांच्या कामाला काही पैसा तर तापमानवाढीला विरोध करणाऱ्यांकडून आला होता. पण माझ्या मते सर्वांत मोठा पुरावा समुद्रात आहे. अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रात जाते, आणि जगभर तरंगणारी हजारो स्वयंचलित उपकरणं तिथलं तापमान मोजतात. समुद्रात सिमेंट नाही.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला भारताचा हवामानबदल अहवाल २०२० मध्ये आला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंश वाढलं. जगाची वाढ १.१ च्या आसपास. आपली वाढ कमी आहे हे वाचून बरेच जण निश्चिंत होतात, आणि मला नेमकी तिथेच काळजी वाटते. आपल्या हवेत काजळी आणि गंधकाचे इतके बारीक कण आहेत की ते ऊन अडवतात. वर सिंचनाखालची जमीन आहे, तिथल्या ओलाव्यानेही हवा थोडी निवते. म्हणजे प्रदूषणाची एक छत्री आपण डोक्यावर धरलीय. ते कण आठवडा-दोन आठवड्यांत पावसाने धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. उद्या दिल्ली-कानपूरची हवा स्वच्छ केली (आणि ती करायलाच हवी, माणसं मरतायत) की लपलेली उष्णता बाहेर येणार.

पावसाचंही असंच गुंतागुंतीचं आहे. तोच अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सरासरी सहा टक्के घटला, आणि त्यात पश्चिम घाटही आहे. तापमान वाढलं तर पाऊस वाढायला हवा, मग घटला कसा? एक मोठं कारण हेच कण: जमीन कमी तापली की समुद्रावरून वारे ओढण्याचा जोर कमी होतो. पण पडतो तेव्हा कसा पडतो ते बघा. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिप्पट झाल्या, आणि त्यांना वाफ पुरवतो तो बराचसा अरबी समुद्र. एकूण पाऊस कमी, मुसळधार जास्त, मध्ये कोरडे दिवस. दुबार पेरणी ज्याच्या वाट्याला येते त्याला हे मी सांगायला नको.

लाल_माती, तुमच्या फुलकिड्यांबद्दल मी ठामपणे बोलणार नाही. तो माझा विषय नाही.

---

पाणलोट

सरळरेषा यांचा प्रतिसाद आवडला, विशेषतः शेवटची दोन वाक्यं. मी वीस वर्षं मराठवाड्यात पाण्याच्या कामात आहे आणि मला या चर्चेत एक तिसरा प्रश्न घालायचाय: आपल्या दारातलं कोणतं संकट खरोखर तापमानवाढीचं आहे?

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा भाषणांतून ऐकलं, हवामान बदललं. पाऊस दोन वर्षं कमी झाला होता, त्यात एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापतो त्याचा, हात होता, सगळं कबूल. पण ज्या पट्ट्यात पाचशे-सातशे मिलिमीटरवर सगळं भागवायचं, तिथे उसाचं क्षेत्र कुणी वाढवलं? विंधनविहिरी सातशे-आठशे फुटांवर कुणी नेल्या? ७२ च्या दुष्काळात धान्य नव्हतं, पण आडांना पाणी होतं, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात.

मुंबईचंच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्या आत. ढगाला दोष द्यायचा तेवढा द्या. पण मिठी नदीची गटार करून ठेवली, कांदळवन भरून काढलं, त्यावर त्या पुराची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे समितीने काय लिहिलं ते वाचा. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथे पाऊस प्रचंड होताच. तरी डोंगराच्या पोटात वस्ती असते आणि तिला हलवायचं काम वर्षानुवर्षं होत नाही, त्याला कार्बन डायऑक्साइड जबाबदार नाही.

माझी भीती अशी की सगळ्याचं खापर तापमानवाढीवर फोडलं की कुणालाच जाब विचारता येत नाही.

---

दर्यावर्दी

पाणलोट यांच्याशी सहमत. आमच्या धंद्याचं सांगतो. आम्ही मालवणचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी.

वादळं आम्हाला नवीन नाहीत, पण अरबी समुद्र हा शांत समुद्र असं आजोबा म्हणायचे. २०१९ मध्ये क्यार, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग श्रीवर्धनजवळ धडकलं, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आमच्या दारावरून गुजरातला गेलं. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या तरी फुटल्या. नारळाची, काजूची झाडं पडली ती वेगळीच. बंदी उठल्यावर ऑगस्ट ते डिसेंबर हे आमचे कमाईचे दिवस. त्यात आता वाऱ्याचा इशारा आला की आठ-आठ दिवस होडी शाकारून बसावं लागतं. इशारा येतो ते बरंच आहे, फयान आलं तेव्हा २००९ मध्ये कितीतरी जण समुद्रातच होते. पण बसलेल्या दिवसाची मजुरी कोण देणार?

मासळी घटली ती मात्र निव्वळ गरम पाण्याने घटली असं मी म्हणणार नाही. पर्ससीनच्या, म्हणजे आख्खा थवा घेरणाऱ्या, जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढून नेली, एलईडी लावून रात्री मासेमारी होते, बंदी असून होते. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीला उरतं काय? एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मार बसतोय. समुद्र तापतोय तो जगाचा दोष, आणि पिल्लं मारतो तो आपलाच माणूस.

---

सरळरेषा

पाणलोट आणि दर्यावर्दी, हा तिसरा प्रश्न शास्त्रातही घेतात. एखादी घटना तापमानवाढ नसती तर किती वेळा घडली असती, याचा हिशेब मांडतात. उष्णतेच्या लाटांबद्दल उत्तर बऱ्याच खात्रीने येतं, मोठ्या पावसाबद्दल थोड्या कमी, आणि एका विशिष्ट ढगफुटीबद्दल किंवा गारपिटीबद्दल फारच जपून. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झालेल्या गारपिटीबद्दल मला दर वेळी विचारतात. मी ती तापमानवाढीच्या खाती टाकत नाही. अरबी समुद्रातल्या वादळांबद्दल मात्र टाकते, निदान अंशतः, कारण समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान हेच त्यांचं इंधन. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये सरासरी एक अंश तापला. जगातल्या महासागरांपेक्षा हे जास्त आहे.

---

हिमरेषा

मी कॅनडात कॅलगरीला असतो. नोकरी तेलाच्याच एका कंपनीत, नाव लिहीत नाही. इथे हिवाळ्यात उणे तीस असलं की कँटीनमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, कुठे आहे तुमची तापमानवाढ? मीही पहिली काही वर्षं असंच म्हणायचो.

२०२१ च्या जूनअखेर शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात लिटन नावाच्या गावात ४९.६ अंश तापमान गेलं. विदर्भातही इतकं होत नाही. दुसऱ्या दिवशी आग लागली आणि जवळजवळ सगळं गाव जळालं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात आठवडे धुराचा वास होता, लेकीला दम्याची फवारणी घ्यावी लागली. २०२४ मध्ये डोंगरातलं जॅस्पर हे पर्यटनाचं गाव बरंचसं जळालं. तिथे आम्ही दर वर्षी आईबाबांना घेऊन जायचो.

माझं पोट याच धंद्यावर आहे, म्हणून एक गोष्ट इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाअखेरपासून आणि ऐंशीच्या दशकात तापमान किती वाढेल याचे अंदाज काढले होते. ते कागद २०१५ मध्ये उजेडात आले. २०२३ मध्ये ते अंदाज प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिले, तर बहुतेक अचूक निघाले. आणि त्याच काळात कंपनी जाहिरातींतून लोकांना सांगत होती की शास्त्र अजून अनिश्चित आहे. चिकित्सक, तुमच्या शंका प्रामाणिक आहेत हे दिसतं. पण जगात फिरणाऱ्या काही शंका पैसे देऊन पेरल्या गेल्या. हे कळलं तेव्हा माझ्याच क्षेत्राची मला लाज वाटली.

---

खाचर

धागाकर्त्यांच्या आतेभावासाठी हा प्रतिसाद. तुम्हाला राग येतो त्याला इतिहास आहे आणि तो सांगायलाच हवा.

१९९० च्या सुमाराला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अंदाज काढला की भारतातली भातशेती वर्षाला सुमारे ३८ दशलक्ष टन मिथेन सोडते. खाचरात पाणी साचलं की चिखलातल्या जिवाणूंमुळे मिथेन होतो, हे खरं. पण आकडा आणला कुठून? परदेशातल्या शेतांवरची मोजमापं आपल्या सगळ्या भातक्षेत्राला लावून. म्हणजे जगाच्या उष्णतेला भात लावणारा शेतकरी जबाबदार! दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये देशभर खाचरांत प्रत्यक्ष मोजणी करवली. आपल्याकडे निम्मं भात पावसाच्या भरवशावर, पाणी सतत साचून राहतच नाही. आकडा आला चार दशलक्ष टनांच्या आसपास. जवळपास नऊ पटींचा फरक!

त्याच वर्षी दिल्लीतले पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी प्रश्न विचारला की गरिबाच्या भाताचा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा वायू एकाच तराजूत कसा तोलता? पोटासाठी सोडलेला आणि चैनीसाठी सोडलेला, यात फरक नाही का? मला हा प्रश्न आजही तितकाच खरा वाटतो. आजवर हवेत गेलेल्या इंधनाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. माणशी बघितलं तर आपण वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकन माणूस चौदाच्या.

पण आपण मित्रा यांच्या मोजणीवर विश्वास ठेवतो ना? मग तेच शास्त्र पुढे जे सांगतं त्यावरही ठेवावा लागतो. मित्रा यांनी मिथेन उष्णता धरत नाही असं म्हटलं नव्हतं. त्यांनी खाचरात वायू धरायचा डबा लावला आणि मोजलं.

---

चिकित्सक

हे मला माहीत नव्हतं, खाचर. शेवटचं वाक्य मनाला लागलं.

वाफसा, समस्थानिकांचा मुद्दा मी दोन दिवस इकडून तिकडून तपासला. तेराची घट आणि प्राणवायूची घट एकत्र बघितल्यावर दुसरं स्पष्टीकरण मला सुचत नाही. कारणापुरती माझी शंका मी मागे घेतो. पुढच्या अंदाजांबद्दल मात्र अजून साशंक आहे. वायू दुप्पट झाला तर अडीच अंश वाढणार की चार, यात फार अंतर आहे, आणि त्या अंतरात देशांची धोरणं ठरतात.

---

सरळरेषा

अंतर आहे, मुख्यतः तापलेल्या हवेत ढग कसे वागतील हे नक्की नसल्यामुळे. त्याबद्दल तुम्ही साशंक असणं योग्यच आहे, आम्हीही आहोत. पण अनिश्चितता दोन्हीकडे जाते. बंधारा बांधताना पूर किती येईल हे नक्की माहीत नसेल तर अभियंता भिंत कमी उंचीची धरत नाही.

---

वाफसा

आतेभावाचा काल फोन आला. मिथेनची गोष्ट त्याने दोनदा वाचली म्हणे. "मी हेच तर सांगत होतो," म्हणाला. मी म्हटलं, हो, तू हेच सांगत होतास आणि यात तू बरोबर आहेस. फक्त धाकट्याच्या बागेतलं खोटं म्हणू नकोस. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, बागेत खरंच बदल झालाय हे सांगायला आपल्याकडे आठवणीपलीकडे काय आहे?

हा प्रश्न मला आवडला. घरात शोधलं तर वडिलांनी ठेवलेल्या दलालांच्या विक्रीच्या पट्ट्या सापडल्या, आंब्याची पहिली पेटी मुंबईच्या बाजारात कधी गेली त्या तारखांसकट. १९८७ पासूनच्या आहेत, मधली चार वर्षं वाळवीने खाल्लीत. हवामानाचा कल बघायला निदान तीस वर्षं धरतात, तेवढी भरतात. त्यातून काही निघेल का?

---

लाल_माती

वाफसा, जपून. पट्टीतल्या तारखेवर जाऊ नका. कल्टार! जुलै-ऑगस्टला बुंध्याशी कल्टार हे वाढ रोखणारं औषध घातलं की मोहोर लवकर येतो. तुमच्या बागेत ते कधी सुरू झालं त्या वर्षापासून तारखा आपोआप अलीकडे सरकलेल्या दिसतील. शिवाय भाव चढा असला की आंबा जरा कच्चाच काढतात.

---

चिकित्सक

लाल_माती यांच्याशी सहमत. ज्या झाडाला कुणी काही घालत नाही असं झाड हवं. तुमच्या परसात किंवा बांधावर जुना रायवळ, म्हणजे कलम न केलेला गावठी आंबा, असेल ना? त्याचा पहिला मोहोर कधी दिसला, कणी कधी धरली, पाऊस शेवटचा कधी पडला, एवढ्याच तीन तारखा. एका झाडाच्या नाही, निदान दहा-बारा झाडांच्या, आणि वेगवेगळ्या गावांतल्या. मी तक्ता करून देतो, भरायला फोन पुरेल.

---

वाफसा

विहिरीजवळ एक आहे, आजीच्या वेळचा. सड्यावर आणखी तीन. भावाला सांगितलं, तो तयार आहे. देवगडची चार झाडं लाल_माती देतील का? आतेभाऊ म्हणतो, तारखा त्याच्याकडे पाठवायच्या, वही तो ठेवणार.

---

लाल_माती

चार कशाला, सात देतो. एक देवळामागचा आहे, तो नेहमीच सर्वांच्या आधी मोहरतो. त्याच्यापुढे तशी खूण करा.